खरी कोणती धरायची?

बंगळुरूच्या राजाजीनगरात नवरंग थिएटरच्या बाजूला एका दर्शिनीत रविवारी सकाळी आमची छोटी बैठक जमते. उभ्यानं खायची टेबलं, बाय-टू कॉफी आणि विषय बहुतेक वेळा एकच: 'स्टार वॉर्स'च्या कादंबऱ्या. चित्रपट सगळ्यांनीच पाहिलेले आहेत. त्यांच्या अंगानं गेली जवळजवळ पन्नास वर्षं जी पुस्तकं निघत आली, त्यांच्यावरून जगभरच्या चाहत्यांत दोन तट आहेत आणि आमच्या टेबलावरही तेच दोन तट आहेत. बैठकीत मराठी आम्ही दोघंच, मी आणि माझा भाचा. बाकी मंडळी कन्नड-तमिळ. ती मला अक्का म्हणतात. हे वाद ऐकता-ऐकता आणि घालता-घालता जे ध्यानात आलं, ते लिहिते आहे.

१. सर्वांत चिवट भांडण चांगल्या-वाइटावरून होत नाही, खऱ्या-खोट्यावरून होतं. डिस्नेनं २०१२ साली लुकासफिल्म विकत घेतली आणि २५ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालं, की तोवरच्या कादंबऱ्या, कॉमिक्स आणि खेळ यांतलं कथानक यापुढे अधिकृत धरलं जाणार नाही. पुस्तकं छापली जातील, पण मुखपृष्ठावर 'लेजंड्स' असा पट्टा असेल. पुढच्या वर्षी २५ डिसेंबरला 'द फोर्स अवेकन्स' भारतात लागला आणि आम्ही सगळ्यांनी तो इथल्याच ओरायन मॉलमध्ये पाहिला. कादंबऱ्यांत हान सोलो आणि लेया या चित्रपटांतल्या जोडीला तीन मुलं: जैना, जेसन आणि अनाकिन. बेन हा लेयाचा भाऊ ल्यूक आणि त्याची बायको मारा जेड यांचा मुलगा. पडद्यावर हान पुलावर उभा राहून स्वतःच्या मुलाला हाक मारतो ती 'बेन' अशी. माझ्या शेजारी बसलेले गृहस्थ, ज्यांनी नव्वदच्या दशकातलं एकेक पुस्तक पगारातून पैसे वाचवून घेतलं होतं, त्यांनी खुर्चीचा हात घट्ट धरला. त्यांच्या मनात वीसेक वर्षं नांदलेलं एक कुटुंब त्या एका हाकेनं मोडलं होतं. बाहेर आल्यावर भाचा मात्र हरखलेला. "मावशी, ती जुनी मुलं आता धरत नाहीत ना," तो म्हणाला. त्याचं चूक नव्हतं आणि त्या गृहस्थांचंही नव्हतं.

२. मराठी वाचकाला हा पेच परका नाही, हे मला पुष्कळ उशिरा सुचलं. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेनं १९१९ ते १९६६ अशी जवळजवळ अर्धशतक खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखटणकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी देशभरची हस्तलिखितं एकमेकांशी ताडून पाहिली आणि ज्याला पुरेसा आधार मिळेना ते तळटीपांत किंवा परिशिष्टांत घातलं. व्यासांचा लेखनिक झालेला गणपतीसुद्धा त्यात परिशिष्टात गेला. म्हणून कोणत्या घरातून त्याचं ते चित्र उतरवलं गेलं? आमच्या बेळगावच्या घरात 'युगान्त' आणि 'मृत्युंजय' एकाच फळीवर असत. इरावती कर्व्यांनी चिकित्सक आवृत्ती धरून माणसं पारखली, शिवाजी सावंतांनी कर्णाला त्याचं स्वतःचं मन दिलं. दोन्ही पुस्तकं माझ्या आईनं सारख्याच मायेनं वाचली आणि त्यातला खरा कर्ण कोणता, असं तिनं कधी विचारलं नाही. एक भेद मात्र मोठा आहे आणि तो मी टेबलावर नेहमी मांडते. संस्थेनं जे बाजूला ठेवलं ते पुराव्यानं ठेवलं. कंपनीनं जे बाजूला ठेवलं ते नव्या चित्रपटांना मोकळी जागा हवी म्हणून. जुन्या वाचकांच्या मनात सल राहिला आहे तो या दुसऱ्या कारणाचा.

३. ही पुस्तकं पडद्याच्या मागून चालतात असं म्हणतात. पुष्कळदा ती पुढे चाललेली आहेत. पहिल्या चित्रपटाची कादंबरी १९७६च्या अखेरीस दुकानांत आली, चित्रपट लागला २५ मे १९७७ला. मुखपृष्ठावर जॉर्ज लुकास यांचं नाव होतं, लिहिली होती ॲलन डीन फॉस्टर यांनी. त्यांचीच १९७८ची 'स्प्लिंटर ऑफ द माइंड्स आय' तर कमी खर्चात दुसरा चित्रपट काढता यावा अशा बेतानं रचलेली: सगळं एका धुकट ग्रहावर घडतं, आणि हॅरिसन फोर्डशी पुढचा करार झालेला नसल्यामुळे हान सोलो त्यात नाहीच. ल्यूक आणि लेया भाऊबहीण आहेत हे तेव्हा ठरलेलं नव्हतं. त्यामुळे त्यांची त्या पुस्तकातली जवळीक आज वाचताना अवघडायला होतं. पण पहिला चित्रपट असा तुफान चालला की काटकसरीची गरजच उरली नाही. राजधानीच्या ग्रहाचं कोरुस्कांट हे नाव टिमथी झान यांच्या १९९१च्या कादंबरीतून चित्रपटांत गेलं. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर आपण पाहिलेल्या 'स्टार ट्रेक'मधल्या सुलूचं पहिलं नाव हिकारू. तेही आधी व्होंडा मॅकिन्टायर यांच्या १९८१च्या कादंबरीत आलं आणि दहा वर्षांनी पडद्यावर उच्चारलं गेलं.

४. राजाजीनगरात या पुस्तकांना आणखी एक विरोधक भेटतो, तो खऱ्या अवकाशाचा. इथून पीण्या जवळ आहे. तिथल्या इस्रोच्या नियंत्रण केंद्रातून २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरवलं गेलं आणि त्या संध्याकाळी आमच्या गल्लीत फटाके वाजले. अशा गावात कुणी म्हणालं, की अक्का, निर्वात पोकळीत स्फोटाचा आवाज येत नाही, तर काय उत्तर द्यायचं? मी त्यांच्या हाती झान यांचं 'एअर टू द एम्पायर' ठेवते. झान भौतिकशास्त्र शिकलेले, आणि 'स्टार वॉर्स'ला हात लावण्याआधी १९८४चं ह्यूगो पारितोषिक मिळवलेले. त्यांचा ॲडमिरल थ्रॉन, निळ्या कातडीचा, लाल डोळ्यांचा, पांढऱ्या गणवेशातला, पहिल्याच प्रकरणात अंधाऱ्या खोलीत शत्रूच्या जमातीची चित्रं-शिल्पं न्याहाळत बसलेला दिसतो. समोरून जहाजं येत आहेत. त्यांचा सेनानी एलोमिन जमातीचा आहे हे कळताच तो त्या जमातीच्या कलेतून ओळखतो, की अव्यवस्थित, विस्कळीत हल्ला यांच्या डोक्याला झेपणार नाही. तो नेमका तसाच हल्ला करायला लावतो आणि जिंकतो. तलवार नाही, जादू नाही. एक माणूस नीट बघतो आहे. आवाजाची तक्रार करणारे एक जण ते प्रकरण तिथेच उभ्यानं वाचून गेले आणि पुढच्या रविवारी दुसरा भाग मागायला आले.

५. काल्पनिक पात्राच्या मृत्यूवर माणसं खरोखर सुतक पाळतात, आणि त्याला हसू नये. १९९९ साली आर. ए. साल्व्हातोरे यांच्या 'व्हेक्टर प्राइम'मध्ये हानचा जुना साथीदार च्यूबाका मेला. सर्नपिडल ग्रहावर त्याचा स्वतःचाच चंद्र ओढून आणला जातो आहे. लोकांना जहाजात चढवता-चढवता च्यूबाका हानच्या धाकट्या मुलाला, अनाकिनला, उचलून आत देतो आणि स्वतः खाली राहतो. जहाज चालवणाऱ्या पोराला त्याला तिथेच सोडून उडावं लागतं, आणि बाप त्याला त्याबद्दल पुढे बराच काळ क्षमा करत नाही. चर्च स्ट्रीटवरच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगात मला त्याची एक प्रत मिळाली. आधीच्या मालकानं आवडलेल्या वाक्यांपाशी पेन्सिलीनं बारीक टिंबं दिली होती. सर्नपिडलनंतरच्या पानांवर एकही टिंब नाही. पुढचं त्यानं वाचलं की नाही, कोण जाणे. चाहत्यांचा संताप साल्व्हातोरेंवर निघाला, शिव्यांची पत्रं त्यांना गेली. वास्तविक या मालिकेत एक मोठं पात्र मारायचं, हे प्रकाशक आणि लुकासफिल्म यांच्या मसलतीतून ठरलं होतं. मला तो मृत्यू पटतो. त्याआधीच्या पुस्तकांत कुणालाच काही होत नसे, त्यामुळे संकटाला संकट म्हणवत नव्हतं. आमच्या टेबलावरच्या एका ताईंना मात्र तो अजून मान्य नाही. त्या 'व्हेक्टर प्राइम'च्या आधी थांबतात, आणि त्यांच्या लेखी च्यूबाका जिवंत आहे. त्यांच्याशी मी वाद घालणं सोडून दिलं आहे.

६. परक्याच्या घरात राहून लिहिणं हलकं काम नाही. थ्रॉन झान यांच्या डोक्यातून निघाला, पण तो त्यांच्या मालकीचा नाही. त्याचं काय करायचं हे कंपनी ठरवते. फॉस्टर यांना मानधन थांबल्याबद्दल २०२० साली, वयाच्या पंचाहत्तरीच्या आसपास, जाहीर पत्र लिहावं लागलं. तरीही चाहते म्हणतात, की पाट्या टाकलेली पुस्तकं ती, नावावर खपतात. नावावर खपतात हे खरंच आहे. पण याच नावामुळे ती गांभीर्यानं वाचलीही जात नाहीत, हे कुणी म्हणत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा नारायण विनायक जगताप या नावानं पाठवली होती. कथा कथा म्हणून जोखली जावी ही त्यामागची इच्छा, आणि तिला पहिलं बक्षीस मिळालं. मॅथ्यू स्टोव्हर यांची 'रिव्हेंज ऑफ द सिथ', २००५ची, मुखपृष्ठ काढून कुणा चोखंदळ वाचकाला द्यावी असं मला फार वाटतं. अनाकिनच्या (हा थोरला अनाकिन स्कायवॉकर, हानच्या मुलाचा आजोबा) आत काय चाललं आहे हे सांगताना तिथे निवेदन एकदम 'तू'वर येतं, वाचणाराच तो होतो. चित्रपटात जे पतन घाईचं वाटतं, ते इथे पायरीपायरीनं उतरतं. शेवट आधीपासून ठाऊक असलेल्या गोष्टीत वाचकाला धाप लावणं हे कसब आहे.

७. नापसंतीची कारणं वेगवेगळी करून पाहावी लागतात. २०१५मध्ये नव्या अधिकृत मालिकेत चक वेंडिग यांची 'आफ्टरमाथ' आली तेव्हा काहींची तक्रार वर्तमानकाळातल्या तुटक वाक्यांची होती, काही जण 'लेजंड्स' गेल्याचा राग तिच्यावर काढत होते, आणि काहींना त्यातली समलिंगी पात्रं खुपत होती. पहिल्या तक्रारीवर मी तासभर बोलायला तयार असते, कारण ती शैली माझ्याही कानाला टोचते. तिसरीवर मात्र मला बोलण्यासारखं काही दिसत नाही.

८. अधिकृततेचा शिक्काही पक्क्या शाईचा नसतो. २०१४नंतरच्या कादंबऱ्या चित्रपटांच्याच तोलाच्या मानल्या जातील, असं सांगितलं होतं. २०१६ साली ई. के. जॉन्स्टन यांची 'अहसोका' आली. २०२२मध्ये 'टेल्स ऑफ द जेडाय' या ॲनिमेशन मालिकेनं जवळजवळ तोच कथाभाग निराळ्या तपशिलांनी दाखवला. त्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मावशी, मी तर खरी म्हणूनच वाचली होती." दुसरीकडे, धरत नाहीत म्हटलेला थ्रॉन २०१६मध्ये 'रिबेल्स' या ॲनिमेशन मालिकेतून परत आला, २०१७मध्ये झान यांनीच त्याच्यावर नवी कादंबरी लिहिली, आणि २०२३च्या 'अहसोका' मालिकेत तो हाडामांसाचा होऊन उभा राहिला. त्यानंतर भाच्यानं माझ्याकडून झान यांची जुनी त्रयी नेली. वाचून झाल्यावर त्याचं पहिलं वाक्य होतं, "तुमचा थ्रॉन जास्त थंड आहे." मालिकेतल्या थ्रॉनवर आम्ही अजून भांडतो, पण आता दोघांनाही दोन्ही माहीत आहेत.

९. गोष्ट बाद करण्यापेक्षा अर्धी सोडणं जास्त लागतं. 'स्टार ट्रेक'च्या कादंबऱ्या कधीच अधिकृत नव्हत्या. तरी या शतकाच्या सुरुवातीपासून तिथल्या लेखकांनी पुस्तकामागून पुस्तक जोडत एक सलग जग उभं केलं होतं. २०२०च्या 'पिकार्ड' मालिकेनं ते मोडीत काढलं. तेव्हा डेटन वॉर्ड, जेम्स स्वॉलो आणि डेव्हिड मॅक या तिघांनी २०२१मध्ये 'कोडा' नावाची त्रयी लिहून त्या जगाचा स्वतःच्या हातानं शेवट केला. शेवट क्रूर आहे, काही वाचक त्यावर अजून नाराज आहेत. पण निरोप तरी मिळाला. 'लेजंड्स'च्या वाचकांना तो मिळाला नाही. ट्रॉय डेनिंग यांची 'क्रूसिबल' २०१३ साली आली आणि ल्यूक, लेया, हान यांची गोष्ट तिथे थांबली. पुढची धुरा जैनाकडे जायची होती: दोन्ही भाऊ गमावलेली, त्यातल्या जुळ्या भावाला स्वतःच्या हातानं मारावं लागलेली जैना सोलो. ख्रिस्टी गोल्डन यांची 'सोर्ड ऑफ द जेडाय' ही त्रयी २०१२मध्ये जाहीरही झाली होती. ती रद्द झाली. तीन नको, एक पुस्तक तरी यावं. वर 'लेजंड्स'चा पट्टा लावला तरी चालेल. आमच्या टेबलावरचे दोन्ही तट ते विकत घेतील. भाच्यानं तर आपली प्रत आत्ताच सांगून ठेवली आहे.