ट्रायकोकार्डातले नर

मी कॉन्व्हेंटची. मराठी लिहिताना ऱ्हस्व-दीर्घाची बोंब आहे, सांभाळून घ्या. शाळेत प्रजननाचा धडा आम्हाला 'घरी वाचा' म्हणून सोडून दिला होता. मीही वाचला नाही. पण गेल्या उन्हाळ्यात तोच धडा आमच्या उसात येऊन उभा राहिला.

आमचं शेत केज तालुक्यात, धनेगावच्या मांजरा धरणाकडे. उसाला खोडकिडी लागली, पोंगे वाळायला लागले. पप्पांनी ट्रायकोकार्डं आणली. एका कार्डावर तांदळाच्या पतंगाची सुमारे २० हजार अंडी चिकटवलेली असतात. त्यांत ट्रायकोग्रामा नावाची, जेमतेम अर्धा मिलिमीटरची, गांधीलमाशीच्या नात्यातली माशी वाढत असते. तिची मादी खोडकिडीच्या अंड्यात आपलं अंडं घालते आणि खोडकिडी जन्मायच्या आधीच खल्लास! पण आमची कार्डं ऐन वैशाखात दोन दिवस गाडीच्या डिकीत राहिली. लावल्यावर थोड्या माश्या निघाल्या, पोंगेमर काही थांबली नाही. पप्पा म्हणाले, "पैसे पाण्यात गेले." मी ठरवलं, का गेले ते तरी बघायचं. लायब्ररीत बसले आणि राहिलेला धडा तिथे पूर्ण केला.

या कुळातल्या नराची रचना अगदी सुटसुटीत असते. दोन वृषण, त्यांतून निघणाऱ्या दोन शुक्रवाहिन्या, त्यांचाच फुगीर भाग म्हणजे शुक्राशय, जोडीला सहायक ग्रंथी आणि शेवटी एकच स्खलनवाहिनी. बऱ्याच जातींत नर बाहेर येतो तेव्हाच शुक्राशयात माल तयार असतो. ट्रायकोग्रामाचा नर आधी निघतो आणि माद्यांची वाट बघत तिथेच थांबतो.

शुक्राणू तर आपल्या मेकॅनिकलवाल्यांनी बघावा असा. पुढे टोपी, मग केंद्रक, मग लांब शेपटी. शेपटीत मधोमध २ सूक्ष्मनलिका, भोवती ९ जोड्या आणि त्याबाहेर आणखी ९ नलिका. माणसाच्या शुक्राणूत ही बाहेरची रांग नसते. शेजारी मायटोकाँड्रियापासून बनलेल्या दोन लांब पट्ट्या असतात. ट्रायकोग्रामाच्या गटात हे सगळं स्क्रूसारखं पिळलेलं असतं.

खरी गंमत पुढे आहे. या नराला बाप नसतो! फलन न झालेल्या अंड्यातून नर होतो, फलन झालेल्यातून मादी. मधमाशीत राणीची गुणसूत्रं ३२ आणि नराची १६, ती याचमुळे. गुणसूत्रांचा एकच संच असल्याने निम्मे करायला काही उरत नाही, म्हणून एका नराचे सगळे शुक्राणू सारखेच. नराला बाप नसतो हे मधमाश्यांबाबत १८४५ मध्ये मांडलं ते योहान झिअरझोन यांनी, आणि ते होते कॅथलिक पाद्री. हे वाचून मला आमचा सोडलेला धडा आठवला आणि हसू आलं.

मादी मिळालेले शुक्राणू शुक्रकोशात साठवते. अंडं घालताना ते सोडले तर मुलगी, नाही सोडले तर मुलगा.

आता आमच्या डिकीकडे या. १९९० च्या दशकात ट्रायकोग्रामाच्याच एका जातीच्या नरांना उष्णतेचे झटके देऊन पाहिलं, तेव्हा त्यांच्या बीजपेशींना इजा झालेली दिसली. इतर काही परजीवी माश्यांत असा भाजलेला नर जिवंत राहतो, मादीशी जुळतोही, पण शुक्राणू कमी देतो. मग मादीला मुलगेच जास्त होतात. तेही खोडकिडीचं अंडं खाऊनच वाढतात, म्हणून पहिली पिढी काम करते. पण नर अंडी घालत नाहीत. पुढच्या पिढीत माद्याच नसल्या तर शेतातलं काम तिथेच थांबतं.

आमच्याकडे कार्डातल्या किती माश्या उन्हाने मेल्या आणि किती नर असे निकामी झाले, हे मोजलेलं नाही. चूक मात्र आमचीच होती.

तेव्हा घरी शेती असणाऱ्यांनो, कार्ड आणलं की सावलीत, गारव्यात ठेवा. मुदत बघा. पट्ट्या कापून संध्याकाळी पानाच्या खालच्या बाजूला टाचा आणि त्या काळात रासायनिक फवारणी टाळा.

यंदा पप्पांनी कार्डं थर्मासच्या डब्यात आणली. मला फोन करून विचारलं, "त्या नरांना एवढा गारवा पुरतो ना गं?" शाळेत सोडून दिलेला धडा असा फोनवर पूर्ण झाला.