आधी कागद दाखवा

बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी, प्रॅक्टिकलच्या तासाला, मी जर्नलमध्ये एक खोटं रीडिंग लिहिलं. पुढे तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवताना तो तास मी विसरलो नाही. संवेग अक्षय्यतेचा प्रयोग करणाऱ्या मुलांसाठी आणि तो करून घेणाऱ्या शिक्षकांसाठी ती हकिगत सांगतो.

प्रयोग साधा होता. टेबलाच्या कडेला उतरती पन्हळ बसवलेली, तिचं शेवटचं टोक आडवं. वरून पोलादी गोळी सोडली की ती कडेवरून सुटून जमिनीवर पडायची. खाली पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर. गोळी पडेल तिथे ठिपका उमटायचा. टेबल ८० सेंमी उंच. आडव्या सुटलेल्या गोळीला एवढं अंतर खाली यायला सुमारे ०.४ सेकंद लागतात, मग तिची चाल कितीही असो. त्यामुळे ती पुढे जिथे पडते ते अंतरच तिच्या वेगाचं माप ठरतं. घड्याळाची गरज पडत नाही. आधी एकटी गोळी सोडायची, मग तेवढ्याच वजनाची दुसरी कडेसमोर ठेवून टक्कर घडवायची.

एकटी गोळी ४० सेंमीवर पडली. टकरीनंतर एक गोळी डावीकडे ३१ सेंमीवर गेली, दुसरी उजवीकडे २३ सेंमीवर. वस्तुमानं सारखी, म्हणून मी अंतरांची बेरीज केली. चोपन्न! चाळिसाचे चोपन्न कसे झाले, हे मला कळेना. तास संपत आला होता, शेजारच्या मुलाच्या जर्नलवर सही झाली होती. मी ३१ खोडून १७ लिहिले, बेरीज बरोबर ४० आणली आणि सरांपुढे उभा राहिलो.

सरांनी जर्नल उघडलंच नाही. म्हणाले, "आधी कागद दाखव."

कागद मी चुरगाळून टेबलाखाली टाकला होता. तो आणला. सरांनी तो हाताने सपाट केला आणि पट्टी लावली. ३१ सेंमी. माझी मान खाली गेली. ते रागावले नाहीत. पेन्सिल घेऊन त्यांनी दोन्ही ठिपक्यांपर्यंत बाण काढले, दुसरा बाण समांतर सरकवून पहिल्याच्या टोकाला जोडला आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत रेघ ओढली. मोजली तर साडेएकोणचाळीस. "उत्तर तुझ्याच कागदावर होतं," एवढंच ते बोलले.

टक्कर तिरकी झाली होती. एका गोळीचा डावीकडचा संवेग आणि दुसरीचा उजवीकडचा एकमेकांना रद्द करत होते. चाल अदिश, वेग सदिश, हे मला पाठ होतं. पण मी मिळवल्या होत्या नुसत्या चाली. १६४४ साली देकार्तने गतीचं एकूण प्रमाण कायम राहतं असं मांडलं, तेव्हा त्यानेही दिशा हिशेबात धरली नव्हती. पुढे हायगेन्सने दाखवून दिलं की दिशा सोडली तर टकरीत ही बेरीज वाढूही शकते आणि घटूही शकते. दिशा धरली तरच ती कायम राहते. ज्या ५४ ने मला हे समजलं असतं, तेच मी खोडलं होतं.

म्हणून प्रयोगाला बसण्याआधी थोडी काळजी घ्या. पन्हळीच्या टोकावर गोळी ठेवून पाहा. ती आपोआप घरंगळली तर टोक समतल नाही आणि पडण्याचा वेळ बदलेल. वर एक अडसर लावा, गोळी दर वेळी तिथूनच सोडा, ढकलू नका. दोन्ही गोळ्या एकाच व्यासाच्या आणि एकाच उंचीवर हव्यात. दुसरी गोळी पहिलीच्या एक व्यास पुढून निघते, म्हणून ओळंबा सोडून तिच्या सुरुवातीची खूण वेगळी करा. गोळी १६ मिमीची असेल आणि अंतर ४० सेंमी असेल, तर एवढ्या एका चुकीने चार टक्क्यांचा फरक पडतो. पोलादी गोळीने काचेची गोटी मारणार असाल, तर बाण काढण्याआधी प्रत्येक अंतराला त्या त्या वस्तुमानाने गुणा.

एका ठिपक्यावर विसंबू नका. दहा वेळा गोळी सोडा आणि ठिपक्यांच्या पुंजक्याभोवती लहानात लहान वर्तुळ काढून त्याचा मध्य घ्या. पुंजका एक सेंमी पसरला असेल, तर ४० आणि ३९.५ मधल्या फरकाने खट्टू व्हायचं कारण नाही. १६८७ च्या 'प्रिन्सिपिया'त न्यूटननेही टकरींचे प्रयोग सांगितले आहेत. दहा फुटी दोऱ्यांना टांगलेले गोळे हवेमुळे किती मंदावतात हे त्याने आधी मोजलं, त्याची वजावट केली आणि उरलेला फरकही लिहून ठेवला.

शिक्षकांनाही माझी विनंती आहे. नेमक्या उत्तराला गुण दिले तर मुलं नेमकं उत्तर तयार करतात. माझ्या वर्गात रीडिंगसाठी रबर चालत नाही. चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी नवा आकडा आणि तो का बदलला त्याचं एक वाक्य. ते वाक्य वाचल्याशिवाय मी सही करत नाही. जर्नलही नंतर बघतो, आधी कागद मागतो.