'सिन्स' आणि 'फॉर'

मराठीत आपण 'सोमवारपासून' म्हणतो, तसेच 'दहा वर्षांपासून'ही म्हणतो; कोंकणीतील 'सावन'ही दोन्हीकडे चालतो. इंग्रजीने मात्र हे काम दोन शब्दांत वाटले आहे. 'सिन्स' काळाचा आरंभ दाखवितो: 'सिन्स मंडे'. 'फॉर' काळाची लांबी मोजतो: 'फॉर टेन इयर्स'. म्हणून 'सिन्स टेन इयर्स' हा प्रयोग अशुद्ध होय.

क्रियापदाचा काळही आपण पाहावा. 'आय हॅव लिव्ड इन मडगाव फॉर टेन इयर्स' म्हणणारा अद्याप मडगावीच राहतो. 'आय लिव्ड इन मडगाव फॉर टेन इयर्स' म्हणणाऱ्याने ते गाव सोडलेले असते. एका 'हॅव'ने माणसाचा पत्ता बदलतो! तेव्हा भाषांतर करताना आपण शब्दामागे न धावता अर्थामागे जावे, हेच बरे.