मोरपिसांचा निळा

गेल्या दिवाळीत इंद्रवेल्लीकडील गोंडांच्या एका गुड्यात (पाड्यात) दंडारी या नृत्योत्सवाचे खेळ चालू असताना गुस्साडी नर्तकांची जी छायाचित्रे मी घेतली, ती आदिलाबादेस परतल्यावर नव्या लॅपटॉपवर उघडली, तेव्हा त्यांच्या मस्तकावरील भरगच्च टोपांतला मोरपंखी झळाळ पूर्णतः लोपलेला दिसला. आणि दोष प्रकाशाचा असावा अशी समजूत करून घेऊन मी रात्रभर रंगांत फेरफार करीत बसलो. छापील प्रत हाती आली तेव्हा पिसांवरचे डोळे एकमेकांत मिसळून शाई सांडल्यासारखे झाले होते, आणि अंगाला फासलेली राखसुद्धा निळसर उतरली होती. ज्या वृद्ध गृहस्थांना ती प्रत देण्याचे मी कबूल केले होते, त्यांनी ती उजेडाकडे धरून बराच वेळ निरखली आणि एवढेच म्हणाले, "बाबू, हे आमचं पीस नव्हे."

मानववंशशास्त्रज्ञ हायमेंडॉर्फ यांनी १९४० च्या दशकात, तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्यातील मार्लवाईत राहून गोंडांची जी छायाचित्रे घेतली, ती कृष्णधवल होती. रंगाची साक्ष ठेवण्याचे साधन आज आपल्या हाती असताना ती खोटी ठरावी, याचे मला फार दुःख झाले.

कारण शोधता शोधता मी लॅपटॉपच्या खरेदीच्या कागदापर्यंत पोहोचलो. प्रोसेसर उत्तम, वेग उत्तम, किंमत माफक, एवढ्यावरच मी खातरजमा आटोपली होती. त्यात पडद्याच्या नोंदीसमोर बारीक अक्षरांत '४५ टक्के एनटीएससी' असे लिहिलेले होते, त्याकडे लक्ष गेले नव्हते. अशा पडद्यावर एस-आरजीबी या प्रचलित मापातील सुमारे दोन-तृतीयांशच रंग उमटतात. गडद निळे, हिरवे, तांबडे दाखवण्याची त्याची कुवतच नसते, आणि जे दिसत नाही ते वाढवण्याच्या नादात मूळ चित्र बिघडते. पुढे कॅलिब्रेटर लावूनही पाहिला. त्याने रंगांचा तोल सावरतो, पण पडद्यात नसलेला रंग त्यात येत नाही.

म्हणून दुकानात जाल तेव्हा '१०० टक्के एस-आरजीबी' हे शब्द लेखी पाहून घ्या. '७२ टक्के एनटीएससी' लिहिले असेल तर तेही जवळपास तितकेच. पडदा आयपीएस जातीचा असावा, म्हणजे बाजूने पाहिल्यास रंग पालटत नाहीत. आपले एक परिचित छायाचित्र पेनड्राइव्हमध्ये आणि त्याचीच चांगली छापील प्रत खिशात घेऊन जा, पडद्याचा रात्रीचा पिवळसर प्रकाश (नाइट लाइट) बंद करावयास सांगा, आणि दोन्ही शेजारी धरून पाहा. विक्रेत्याची घाई मनावर घेऊ नका. रॅम १६ जीबी असावी, आणि ती मदरबोर्डला जडवलेली आहे की पुढे वाढवता येते, हेही विचारा, कारण कॅमेऱ्याच्या मूळ, म्हणजे रॉ फाइली एकेक २५ ते ५० एमबीच्या असतात. महागड्या ग्राफिक्स कार्डावर खर्चण्यापेक्षा ती रक्कम पडद्यावर आणि एका बाहेरच्या हार्डडिस्कवर खर्च करणे माझ्या मते अधिक शहाणपणाचे.

मूळ रॉ फाइली मी जपून ठेवल्या होत्या, हे भाग्य. तेच चित्र आता दुसऱ्या पडद्यावर नव्याने सिद्ध केले आहे, आणि येत्या दंडारीला त्याची प्रत घेऊन त्या गुड्यात जाणार आहे.