सूज उतरते तेव्हा आत काय घडते?

पावस परिसरातील आंब्याच्या बागेत बेणणी करताना करवंदीचा काटा पायात कधीच मोडला नाही, असा माणूस विरळा. काटा मोडतो, संध्याकाळपर्यंत तळव्याचा तेवढा भाग लाल होतो, गरम लागतो, सुजतो आणि ठणकू लागतो. लाली, उष्णता, सूज व वेदना या चार लक्षणांना मिळून वैद्यकशास्त्र ‘दाह’ म्हणते. आपण मात्र या लक्षणांनाच आजार समजतो आणि ती घालवणारी गोळी शोधू लागतो. खरा उपद्रव आहे तो काट्याचा आणि त्याच्यासोबत आत शिरलेल्या जंतूंचा. दाह हे त्यांच्याविरुद्ध शरीराने हाती घेतलेले काम आहे.

ही गोष्ट ज्यांनी प्रयोगाने दाखवून दिली, त्यांनीही काटाच वापरला होता. १८८२ साली इटलीतील मेसिना येथे इल्या मेचनिकॉव्ह या शास्त्रज्ञांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटे टोचून ठेवले. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, तर फिरत्या पेशींनी काट्याभोवती गर्दी केली होती. परक्या वस्तूला वेढून गिळणाऱ्या या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल त्यांना १९०८ साली नोबेल पारितोषिकाचा बहुमान मिळाला. आपल्या रक्तातील न्यूट्रोफिल व ऊतींमधील मॅक्रोफेज या त्याच कुळातील पेशी होत.

या पेशींना जागा कशी सापडते? इजा झालेल्या पेशी रासायनिक संदेश सोडतात. त्यांपैकी प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रक्तवाहिन्या रुंदावतात, वेदनेच्या मज्जातंतूंना हळवे करतात आणि मेंदूत पोचून ताप चढवतात. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक या आपल्या परिचयाच्या गोळ्या नेमके हेच द्रव्य तयार होऊ देत नाहीत. जॉन व्हेन यांनी १९७१ साली हे कोडे उलगडले. म्हणजे गोळी घेतल्यावर ठणका थांबतो तो संदेश थांबल्यामुळे. जंतू जागच्या जागी असतात. या गोळ्या प्रतिकारक पेशींना मारत नाहीत, त्यांच्या कामात काहीसा फरक पाडतात एवढेच. साध्या मुरगळण्यात त्याने बिघडत नाही.

बिघडते ते पावसाळ्यात. मळ्यात तरवा लावताना चिखलपाण्यात तासन्‌तास उभे राहिलेल्या माणसाला ताप येतो, पोटऱ्या दुखतात, डोळे लाल होतात. कोकणात अशा वेळी लेप्टोस्पायरोसिसची शंका प्रथम घ्यावी लागते. पण अंगदुखीची एक गोळी पोटात जाते, ताप उतरतो, माणूस पुन्हा मळ्यात जातो आणि प्रतिजैविक लवकर सुरू करण्याचे मोलाचे दिवस निघून जातात. त्यातच या आजारात मूत्रपिंडे अगोदरच संकटात असतात. शरीरातील पाणी कमी झाल्यावर त्यांचा रक्तपुरवठा टिकवून धरण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन करते, आणि गोळीने तेही बंद पडते. डेंग्यूमध्ये ॲस्पिरिन रक्तबिंबिकांना निकामी करून रक्तस्रावाचा धोका वाढवते. म्हणून निदान होईपर्यंत तापावर योग्य मात्रेत पॅरासिटामॉल, आणि वेळ न दवडता रक्ततपासणी.

स्टेरॉइडची गोष्ट याहून खोल आहे. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला कॉर्टिसोन दिले आणि थोड्याच दिवसांत ती चालू लागली. दोन वर्षांनी या कार्यासाठी नोबेल मिळाले. हे औषध एखादा संदेश अडवून थांबत नाही. ते पेशीच्या आत शिरते, केंद्रकापर्यंत पोचते आणि दाहाची द्रव्ये बनवण्याची आज्ञाच दाबून टाकते. लिम्फोसाइट पेशी रोडावतात, मॅक्रोफेज मंदावतात. न्यूट्रोफिलची तऱ्हा तर चमत्कारिक. रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटून बाहेर पडण्याची त्यांची क्षमता कमी होते, त्यामुळे तपासणीच्या कागदावर त्यांची संख्या वाढलेली दिसते. जिथे त्या हव्यात तिथे मात्र त्या पोचत नाहीत. कागद पाहून ‘पेशी चांगल्या आहेत’ असे समाधान मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

या सामर्थ्याच्या दोन्ही बाजू महाराष्ट्राने कोविडकाळात पाहिल्या. जून २०२० मध्ये ब्रिटनमधील रिकव्हरी चाचणीचे निष्कर्ष आले. रोज ६ मिलिग्रॅम डेक्सामेथासोन, फार तर १० दिवस. कृत्रिम श्वसनयंत्रावरील रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले, प्राणवायू लागणाऱ्यांचे सुमारे एक पंचमांशाने. ज्यांना प्राणवायू लागत नव्हता त्यांना मात्र काहीच लाभ दिसला नाही. कारण सरळ आहे. आजाराच्या आरंभी विषाणूशी झुंजायला प्रतिकारक पेशी हव्या असतात. पुढे त्याच पेशींचा आवेग अनावर होऊन फुप्फुसे सुजू लागतात, तेव्हा त्यांना आवरावे लागते. औषध तेच, पण चार-सहा दिवसांच्या फरकाने त्याचा अर्थ पालटतो.

दुसऱ्या लाटेत हा फरक अनेक ठिकाणी पाळला गेला नाही. घरी असलेल्या, प्राणवायू उत्तम असलेल्या रुग्णांनीही भीतीपोटी स्टेरॉइड घेतले, कुणी दुसऱ्याची चिठ्ठी पाहून घेतले. म्युकरची बुरशी मातीत, कुजक्या पाल्यात सर्वत्र असते. तिचे बीजकण आपण नित्य श्वासावाटे घेतो आणि भक्षक पेशी त्यांचा निकाल लावतात. स्टेरॉइडने या पेशी मंदावल्या, शिवाय रक्तातील साखर वाढवली, आणि मधुमेह असलेल्यांच्या नाका-डोळ्यांत बुरशीने मूळ धरले. मे २०२१ मध्ये केंद्र सरकारने या आजाराची नोंद बंधनकारक करण्याची सूचना राज्यांना दिली. सर्वाधिक रुग्ण आढळलेल्या राज्यांत महाराष्ट्र होता. कित्येकांनी एक डोळा किंवा वरचा जबडा गमावून जीव वाचवला.

हे वाचून कुणी दम्याचा पंप किंवा डॉक्टरांनी दिलेले स्टेरॉइड टाकून देऊ नये. कुष्ठरोगाच्या उपचारात कधी कधी प्रतिकारक पेशी मज्जातंतूंतील जंतूंच्या अवशेषांवर तुटून पडतात आणि त्यात मज्जातंतूच जायबंदी होतो. तेव्हा वेळेवर दिलेले प्रेडनिसोलोन माणसाचा हात किंवा पाय कायमचा लुळा होण्यापासून वाचवते. भीती बाळगावी ती बिननावाच्या पुडीची, जिने गुडघे दोन दिवसांत मोकळे होतात आणि दोन महिन्यांत चेहरा गोल होतो. अशी पुडी कुणी दीर्घकाळ घेत असेल, तर ती एकाएकीही बंद करू नये. बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिल्याने मूत्रपिंडावरील अधिवृक्क ग्रंथींनी स्वतःचे काम थांबवलेले असते आणि ते पुन्हा सुरू व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. पुडीतील उरलेल्या गोळ्या घेऊन डॉक्टरांकडे जावे. मात्रा उतरत्या क्रमाने किती दिवसांत बंद करायची, हे ते ठरवतील.