आधी परत आणायला शिक

अगं, ड्रोन घेतेयस हे ऐकून मला मनापासून आनंद झाला. म्हणूनच दुकानात जाण्याआधी माझ्या चार गोष्टी ऐकून घे. ड्रोन वर नेणं कुणालाही जमतं. डावी स्टिक पुढे ढकलली की तो चढतो, सोडली की जीपीएसच्या आधारानं जागच्या जागी थांबतो. त्यामुळे पहिल्याच दिवशी ‘आलं मला’ असं वाटायला लागतं. खरं शिकायचं असतं ते त्याला सुखरूप परत आणणं.

आधी खरेदीचं बघू. आपल्याकडच्या 2021 च्या ड्रोन नियमांत 250 ग्रॅमपर्यंतचा ड्रोन ‘नॅनो’ गटात येतो आणि त्यापुढे 2 किलोपर्यंतचा ‘मायक्रो’ गटात. छोट्या कॅमेरा ड्रोनचं वजन 249 ग्रॅमवर का अडलेलं असतं, ते यावरून कळेल. नॅनो उडवायला रिमोट पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही. पण पात्यांना गार्ड लावले किंवा मोठी बॅटरी घातली की तोच ड्रोन 250 ग्रॅमच्या वर जातो, हे ध्यानात ठेव. आणि परदेशातल्या कुणाला ‘येताना एक घेऊन ये’ असं सांगू नकोस. फेब्रुवारी 2022 पासून परदेशी बनावटीचे तयार ड्रोन आणायला बंदी आहे, आणलेला ड्रोन कस्टममध्ये अडकायचा. इथूनच घे, पक्कं बिल घे आणि नोंदणीचं काय ते पैसे देण्याआधी विचार.

मग कुठे उडवायचा? ‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा उघड. हिरव्या भागात 400 फुटांपर्यंत, म्हणजे साधारण 120 मीटर, परवानगीशिवाय जाता येतं. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा 200 फुटांवर येते. पिवळ्या भागात हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची परवानगी लागते, तांबड्या भागात थेट केंद्र सरकारची. पुण्यात लोहगावला हवाई दलाचा तळ आहे, खडकवासल्याला एनडीए आहे, तेव्हा ‘गच्चीवरून जरा उडवते’ हे मनातून काढून टाक. मुंबईत तर पोलीस वेळोवेळी ड्रोनबंदीचे आदेश काढतात, नकाशाबरोबर तेही बघावे लागतात. रायगड, शिवनेरी ही पुरातत्त्व खात्याची संरक्षित स्मारकं आहेत, तिथे त्यांची परवानगी हवी. अभयारण्यात वन खात्याची. ट्रेकला निघताना ड्रोन सॅकमध्ये टाकण्याआधी एवढं बघायचंच.

सरावाला गावाबाहेरचं मोकळं मैदान शोध. झाडं, विजेच्या तारा, मोबाइलचा टॉवर जवळ नको. सकाळी लवकर जा, वारा पडलेला असतो. गाडीच्या बॉनेटवरून उडवू नकोस, लोखंडामुळे होकायंत्र बिघडतं. उंच गवतातूनही नको, पाती अडकतात.

सुरुवातीला डोक्याच्या थोडं वर स्थिर ठेव आणि फक्त पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे कर. ड्रोनची पाठ तुझ्याकडे असते तोवर सगळं सोपं वाटतं. त्याचं तोंड तुझ्याकडे वळलं की डावं-उजवं उलटं होतं आणि नवखा माणूस नेमका तिथेच गोंधळतो. गोंधळलीस तर दोन्ही स्टिक सोडून दे. तो थांबेल, तू श्वास घे, मग ठरव. स्कूटरच्या लायसन्सला आठचा आकडा काढायला लावतात ना, तसाच आठ हवेत सावकाश काढता यायला लागला की हात बसला म्हणायचं.

आता परतीचं. ‘रिटर्न टू होम’ हे बटण दाबलं की ड्रोन तू ठरवलेल्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत उडाला त्या जागी येतो. म्हणून उडवण्याआधी दोन गोष्टी बघ: पुरेसे उपग्रह मिळून ‘होम पॉइंट’ नोंदला गेलाय का, आणि परतीची उंची आसपासच्या सगळ्यात उंच झाडापेक्षा किंवा इमारतीपेक्षा जास्त आहे का. वाटेतली तार त्या छोट्या ड्रोनला दिसेलच असं नाही. आणि तो फांदीखाली असताना हे बटण दाबलंस, तर वर चढताना थेट फांदीत घुसेल.

जाताना वाऱ्याच्या विरुद्ध जा, म्हणजे बॅटरी उतरलेली असताना वारा घराकडे ढकलेल. खोक्यावर लिहिलेली मिनिटं शांत हवेतली असतात. निम्मी बॅटरी संपायच्या आत तोंड माघारी वळव आणि 30 टक्क्यांना उतरव. कोकणात समुद्रावर तर हे फारच सांभाळ. दुपारी वारा वाढतो आणि पाण्यावर अगदी खालून गेलं की पोटाखालचे सेन्सर फसतात. आकाशात घार घिरट्या घालत असेल तर उडवू नकोस. संक्रांतीच्या दिवसांत मांजाही असतो. पावसात तर नकोच, हे ड्रोन पाणी सोसत नाहीत.

बॅटऱ्या बरेच दिवस ठेवायच्या असतील तर निम्म्याच्या आसपास चार्ज करून ठेव. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही. विमानानं जाताना त्या हातातल्या बॅगेत.

आता मला सगळ्यात कळकळीनं जे सांगायचंय ते. ड्रोन आहे हे कळलं की घरातली माणसंच गळ घालतील: वरातीवरून एकदा फिरव, गर्दीचं शूट कर, समोरच्या सोसायटीवरून ने. नाही म्हणायला शिक. हलका असला तरी फिरत्या पात्यांनी डोळा जाऊ शकतो, आणि पडला तर तो कुणाच्या तरी डोक्यावरच पडेल. शेजारच्या गच्चीवर कुणी केस वाळवत बसलेलं असेल, त्यांना न विचारता वर कॅमेरा नेणं बरोबर नाही. आणि मित्रमंडळी ‘अजून थोडं पुढे घे’ म्हणतील तेव्हा त्यांचं लक्ष चित्राकडे असतं, बॅटरीचा आकडा फक्त तुला दिसत असतो. रिमोट ज्याच्या हातात, निर्णय त्याचा. ‘बास, आता उतरवते’ हे वाक्य न ओशाळता म्हणायचं.

शिवाय चांगलं चित्र मिळायला फार वर जावंच लागतं असं नाही. 120 मीटरवरून शेत, वाडा, देऊळ सगळं सपाट दिसतं. माडाच्या उंचीवरून, कोवळ्या उन्हात, सावकाश पुढे सरकत घेतलेलं चित्रण कितीतरी देखणं येतं. तेव्हा पहिले काही आठवडे ड्रोन खालीच ठेव, नजरेसमोर ठेव. हात बसला की उंचीची घाईही आपोआप कमी होईल.