प्रेफरन्स भरण्याआधी ओपीडी बघा

जून २०१७ मध्ये ‘नीट’चा निकाल लागला, तेव्हा केजला आमच्या दुकानात माझ्या वडिलांनी, अण्णांनी, गिऱ्हाइकाचं सामान तसंच ठेवून माझे गुण वहीच्या मागच्या पानावर लिहून घेतले. एमबीबीएस थोडक्यात हुकणार, हे संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. दंतवैद्यकाचं, म्हणजे बीडीएसचं नाव निघालं, तर घरात मयताला जमल्यासारखी माणसं बसली होती. आज त्याच गावात माझा छोटा दवाखाना आहे. दरवर्षी जून-जुलैत कुणी ना कुणी काका-मावशी मुलीला घेऊन येतात आणि दातांऐवजी मार्कलिस्ट पुढे करतात. त्यांना मी जे सांगते, तेच इथे मांडते आहे.

१. उरलेली जागा म्हणून बीडीएस घेऊ नका

आमच्या वर्गात पहिल्या वर्षी बरीच मुलं शरीराने वर्गात आणि मनाने पुढच्या ‘नीट’मध्ये होती. त्यांचं वर्षही गेलं आणि अभ्यासही अर्धवट राहिला. म्हणून फॉर्म भरायच्या आधी ओळखीच्या दंतवैद्याकडे परवानगी घेऊन चार दिवस नुसतं बसा. हे हातांचं काम आहे. पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून दात कोरायला लावतात. पुढे फँटम हेडवर, म्हणजे सरावाच्या नकली डोक्यावर, हात बसवावा लागतो आणि तिसऱ्या वर्षापासून खरा पेशंट समोर येतो. तासन् तास मान वाकवून, दोन-तीन मिलिमीटरच्या जागेत काम करायचं असतं. ते आवडेल का, हे चार दिवसांत बरंच कळतं.

कामाचं मोलही तिथेच दिसेल. राज्यात गुटखाबंदी २०१२ ची आहे, तरी माझ्याकडे पंचविशीतली मुलं येतात, ज्यांच्या तोंडात त्यांचीच तीन बोटं उभी जात नाहीत. गालाच्या आतला कर्करोगाआधीचा पांढरा चट्टा अनेकदा पहिल्यांदा दंतवैद्यालाच दिसतो आणि तो वेळेवर दिसला तर माणूस वाचू शकतो. दंतवैद्याला ‘अर्धा डॉक्टर’ म्हणणाऱ्यांना मी हल्ली शांतपणे खुर्चीत बसवून तोंड उघडायला सांगते.

२. पात्र ठरणं वेगळं, जागा मिळणं वेगळं

किमान अटी सोप्या आहेत. ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. बारावीला भौतिक, रसायन आणि जीवशास्त्र या तीन विषयांत मिळून खुल्या गटाला ५० टक्के, राखीव गटाला ४० टक्के आणि इंग्रजीत उत्तीर्ण. बारावीची एकूण टक्केवारी इथे चालत नाही, तिन्ही विषयांची बेरीज बघतात.

‘नीट’मध्ये मात्र पर्सेंटाइल लागतो आणि इथेच निम्मी घरं गोंधळतात. खुल्या गटाला ५० पर्सेंटाइल म्हणजे ७२० पैकी ३६० नव्हेत. २०२२ मध्ये ही रेषा ११७ गुणांवर होती, २०२३ मध्ये १३७ वर. एक बाबा आनंदाने पेढे घेऊन आले होते, मुलगा ‘क्वालिफाय’ झाला म्हणून. मला त्यांना सांगावं लागलं की ही फक्त रांगेत उभं राहायची परवानगी आहे. सरकारी जागा या रेषेच्या कितीतरी वर संपते. म्हणून मागच्या दोन-तीन वर्षांच्या राज्याच्या कॅप (केंद्रीभूत प्रवेश प्रक्रिया) फेऱ्यांच्या याद्या उघडा, आपल्या प्रवर्गात शेवटची जागा कितव्या क्रमांकाला गेली ते बघा आणि मगच आशा बांधा.

३. कागद बारावीतच गोळा करा

माझी जागा जवळजवळ गेली होती ती गुणांमुळे नव्हे, एका कागदामुळे. आम्ही ओबीसी. जातीचा दाखला होता, जात वैधता प्रमाणपत्रही अण्णांनी अकरावीपासून मागे लागून मिळवलं होतं. नॉन-क्रिमीलेअरचा दाखला मात्र त्याच वर्षी ३१ मार्चला संपला होता आणि ती तारीख कुणीच वाचली नव्हती. नवा काढायला गेलो तर सेवा केंद्रावर अर्जात माझ्या नावाचं एक अक्षर चुकलं आणि अर्ज परत आला. अण्णा आठ दिवस दुकान बंद ठेवून तहसीलच्या पायऱ्यांवर बसले. दाखला हातात पडला तेव्हा कागदपत्र तपासणीला एकच दिवस उरला होता. त्या रात्री अण्णा जेवले नाहीत, हे मी विसरलेले नाही.

म्हणून सांगते, बारावीच्या दिवाळीत एक फाइल सुरू करा. दहावीचं आणि निकालानंतर बारावीचं गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रिमीलेअर किंवा ईडब्ल्यूएस, उत्पन्नाचा दाखला. एखादं वर्ष रिपीट केलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. वैद्यकीय तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेतल्या नमुन्यातच घ्या. यातली जात वैधता सगळ्यात वेळखाऊ, तिला महिने लागतात. ती आधी सुरू करा. आणि प्रत्येक दाखल्यावर दोन गोष्टी बोट ठेवून वाचा, नावाचं स्पेलिंग आणि मुदत. आधार कार्डावर एक आणि दहावीच्या मार्कलिस्टवर दुसरं असेल, तर ‘नीट’चा फॉर्म भरायच्या आधी दुरुस्त करून घ्या.

४. दोन वेगळी दारं आहेत, दोन्ही ओळखा

सरकारी दंत महाविद्यालयांतल्या १५ टक्के जागा देशपातळीवर एमसीसी (मेडिकल कौन्सेलिंग कमिटी) भरते, अभिमत विद्यापीठांच्या जागाही तिच्याकडूनच जातात. सरकारीतल्या उरलेल्या ८५ टक्के आणि खासगी महाविद्यालयांतल्या राज्याच्या जागा राज्याचा सीईटी सेल भरतो. राज्याच्या जागेसाठी साधारणपणे अधिवास आणि दहावी-बारावी महाराष्ट्रातूनच हवी. अकरावी-बारावीला मुलाला कोट्याला किंवा हैदराबादला पाठवताना तिथल्याच बोर्डात नाव घातलं, तर हे दार बंद होऊ शकतं. नोंदणी दोन्हीकडे वेगवेगळी करावी लागते. ‘नीट’चा फॉर्म भरला म्हणजे सगळीकडे नाव गेलं, असं समजून बसलेली मुलं मी पाहिली आहेत.

५. इमारत बघू नका, ओपीडी बघा

माझ्या मते हा सगळ्यात मोठा धडा. पसंतीक्रम भरण्याआधी अण्णा आणि मी तीन महाविद्यालयं पाहून आलो. एका खासगी महाविद्यालयाच्या दारात संगमरवर होता, स्वागतकक्षात फुलं होती. सकाळी अकरा वाजता क्लिनिकमध्ये गेलो, तर ओळीने खुर्च्या आणि मोजून चार पेशंट. अण्णा मला हळूच म्हणाले, “दुकान चकाचक आहे, पण गिऱ्हाईक कुठंय?” दुकानदाराच्या त्या एका प्रश्नाने माझा पसंतीक्रम बदलला. त्यानंतर सरकारी दंत महाविद्यालयात गेलो. भिंतींचा रंग उडालेला, पण केसपेपरची रांग जिन्यापर्यंत. मी तेच वर टाकलं आणि तिथेच शिकले.

हे का महत्त्वाचं, ते तिसऱ्या-चौथ्या वर्षी कळतं. प्रत्येक विभागात ठरावीक कामांचा कोटा असतो. इतके दात काढायचे, इतक्या दातांत सिमेंट भरायचं, इतक्या कवळ्या बसवायच्या. पेशंटच नसतील तर कोटा कागदावर पूर्ण होतो आणि हात कोरा राहतो. मुंबईतलं नायर असो, नागपूरचं सरकारी असो की गोव्यातलं बांबोळीचं, या ठिकाणांना नाव मिळालं ते वर्षानुवर्षं येणाऱ्या पेशंटमुळे. कामाच्या दिवशी सकाळी जा. किती खुर्च्या भरल्या आहेत ते मोजा, इंटर्नला विचारा की त्याने स्वतः किती अक्कलदाढा काढल्या. शिवाय महाविद्यालयाला दंतशिक्षणाच्या राष्ट्रीय नियामक संस्थेची मान्यता आहे ना आणि ते नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे की अभिमत, हेही विचारून घ्या.

६. हिशेब पाच वर्षांचा मांडा

चार वर्षं अभ्यास आणि एक वर्ष इंटर्नशिप. फी ही खर्चाची एक ओळ झाली. वसतिगृह, मेस, पुस्तकं आणि दुसऱ्या वर्षापासून स्वतःची उपकरणं, हे सारं मांडा. खासगी महाविद्यालयाची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, त्याहून जास्त मागितली तर लेखी मागा. कॅपमधून प्रवेश घेतलात तर राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर शिष्यवृत्त्या आहेत. कौटुंबिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना २०२४-२५ पासून शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्काची पूर्ण सवलत आहे. व्यवस्थापन कोट्यातून गेलात तर ती मिळत नाही. हे न कळल्यामुळे शेत गहाण पडू नये, एवढीच माझी कळकळ आहे.

७. जुना सल्ला जपून घ्या, माझाही

आमच्या वेळी ७०:३० चा विभागीय कोटा होता, म्हणजे ७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना. मराठवाड्याच्या मुलीने मराठवाड्यातलंच महाविद्यालय वर टाकायचं, हे गणित सोपं होतं. २०२० मध्ये तो कोटा गेला. तरी २०२३ मध्येही एक शिक्षक मुलांना तोच सल्ला देत होते. मिळालेली जागा कायम ठेवण्याचा (स्टेटस रिटेन्शनचा) फॉर्म कधी द्यायचा, कुठल्या फेरीनंतर जागा सोडली तर पुढे बसता येत नाही, हे त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेत असतं. ती पुस्तिका मुलाने आणि पालकांनी एकत्र बसून, पेन्सिल घेऊन, पहिल्या पानापासून वाचावी. एजंटला दिलेल्या पैशांपेक्षा त्या दोन संध्याकाळी जास्त कामाला येतात.

तुमच्या घरी यंदा बारावीची मुलगी किंवा मुलगा असेल, तर आज नॉन-क्रिमीलेअरच्या दाखल्यावरची तारीख बघा आणि येत्या सोमवारी सकाळी जवळच्या दंत महाविद्यालयाच्या ओपीडीत जाऊन तासभर बसा. मुलाला तिथून उठावंसं वाटलं नाही, तर बीडीएस पहिल्या पसंतीने भरा आणि अभिमानाने भरा.